जिवंत बिअरला फळ घालताना

जुलैचा मध्य आला की मिशिगनमध्ये ट्रॅव्हर्स सिटीच्या आसपासच्या बागांत आंबट चेरी पिकते. सरोवराच्या गार वाऱ्यामुळे इथला मोहोर जरा उशिरा फुटतो आणि वसंतातल्या हिमातून बहुतेक वेळा वाचतो. म्हणूनच अमेरिकेतल्या आंबट चेरीचा सर्वांत मोठा वाटा या एका राज्यातून येतो. मी इथे राहते, घरी बिअर करते, आणि जंगली यीस्टवर आंबवलेल्या बिअरमध्ये फळ घालणं हा माझा सगळ्यांत आवडता उद्योग आहे.

या बिअरचं मूळ घर बेल्जियम. ब्रसेल्स आणि त्याच्या पश्चिमेच्या पायोटनलँड भागात लॅम्बिक नावाची बिअर होते. जवाचं मॉल्ट आणि कच्चा गहू यांचा गोड काढा, म्हणजे वर्ट, हॉप्स घालून उकळतात आणि थंडीच्या दिवसांत पसरट उघड्या भांड्यात रात्रभर निवत ठेवतात. हवेतले आणि वास्तूतले सूक्ष्मजीव त्यात उतरतात. मग लाकडी पिंपांत ती एक ते तीन वर्षं आंबत राहते. तिच्यात आंबट चेरी घातली की होते क्रीक, रासबेरी घातली की फ्राम्ब्वाझ. अँडरलेख्तमधली कॅन्टियॉन ही ब्रुअरी १९०० साली सुरू झाली, आणि ही परंपरा तिथे आजही चालू आहे.

घरी हे करायला पिंप लागत नाही. काचेचा कारबॉय, म्हणजे मोठी बाटली, वायू बाहेर सोडून हवा आत न घेणारा एअरलॉक, बिअरची घनता मोजणारा हायड्रोमीटर आणि भरपूर धीर पुरतो. अमेरिकेत १९७८ च्या संघीय कायद्याने घरगुती बिअरला करमाफी मिळाली. एका प्रौढ माणसाला वर्षाला १०० गॅलन, म्हणजे सुमारे ३७८ लिटर, स्वतःच्या घरासाठी करता येते. महाराष्ट्रात परवान्याशिवाय हे करता येत नाही, हे तिथल्या वाचकांनी लक्षात ठेवावं.

इतक्या हंगामांनंतर एक गोष्ट माझ्या मनात पक्की झाली आहे. अशा बिअरमध्ये घातलेलं फळ हे आतल्या जिवांचं नवं खाद्य असतं. चव त्यातून पुढे घडते. खालचे सगळे बोल या एका गोष्टीतून निघालेले आहेत.

१. आधी बिअर मुरू द्या

या बिअरमध्ये जीव पाळीपाळीने काम करतात. आधी सॅकरोमायसिस, म्हणजे नेहमीचं यीस्ट, सोपी साखर संपवतं. मग पेडिओकोकस हा जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करतो. त्याच्या भरात बिअर कधी तेलासारखी तार धरते, कधी तिला लोण्याचा वास येतो. त्यानंतर सावकाश काम करतं ते ब्रेटानोमायसिस. १९०४ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये नील्स येल्टे क्लाउसेन यांनी जुन्या इंग्लिश बिअरच्या अभ्यासातून हे यीस्ट जगासमोर आणलं. ते उरलीसुरली अवघड साखर खातं, तार मोडतं, लोण्याचा वास नाहीसा करतं आणि स्वतःचा मातकट, फळकट वास देतं.

हे सगळं व्हायला नऊ महिने ते वर्ष जातं. त्याआधी फळ घातलं तर साखर घाईच्या यीस्टच्या तावडीत सापडते, जोरात आंबते, आणि वर सुटणाऱ्या वायूबरोबर फळाचा वासही निघून जातो. मी तीन खुणा पाहते : ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेतली घनता, १.००६ च्या खाली येऊन स्थिरावलेली, तार नाही, लोण्याचा वास नाही. वर्ट उघड्या हवेत निववून केलेली बिअर असेल तर पहिले काही आठवडे ती चाखूसुद्धा नये. तेव्हा तिच्यात आतड्यांतल्या जिवाणूंचे भाऊबंद असतात. पुढे आम्ल आणि अल्कोहोल वाढलं की ते मरतात.

२. आंबटपणाची बेरीज आधीच करा

फळातली साखर आंबून जाते, आम्ल मात्र मागे राहतं. चेरीत मॅलिक आम्ल, रासबेरीत मुख्यतः सिट्रिक. शिवाय नवी साखर मिळाल्यावर आतले लॅक्टिक जिवाणूही पुन्हा कामाला लागू शकतात. म्हणून फळासाठी सगळ्यांत आंबट कारबॉय निवडू नये. पिताना ‘अजून थोडी आंबट चालली असती’ असं वाटेल, ती बिअर फळाला योग्य. माझ्याकडे साधा पीएच मीटर आहे. ३.५ च्या आसपासची बिअर मी फळासाठी राखते. ३.२ ची असेल तर ती दुसऱ्या बिअरमध्ये मिसळायला ठेवते.

लॅम्बिकवाले मुद्दाम जुने, वर्षानुवर्षं ठेवलेले हॉप्स वापरतात. त्यांचा कडूपणा बराच गेलेला असतो, पण जिवाणूंना आवरण्याची शक्ती शिल्लक असते. त्यामुळे आंबटपणा हळूहळू, आटोक्यात वाढतो. घरी बिअर करताना हॉप्स अगदीच वगळले तर लॅक्टोबॅसिलस पहिल्याच आठवड्यात सगळं आंबट करून टाकतो आणि मग फळाला जागाच उरत नाही.

ग्लासभर बिअरमध्ये फळाचा रस मिसळून अंदाज घ्यायची अनेकांना सवय असते. रंगापुरता आणि वासापुरता तो अंदाज ठीक आहे, पण चवीवर विश्वास ठेवू नये. त्या ग्लासात साखर अजून आहे, कारबॉयमध्ये ती राहणार नाही.

३. साखर वजा करून फळ निवडा

गोडवा गेल्यावर या फळात काय उरेल, हा प्रश्न विचारूनच मी बाजारात फळ हातात घेते. खायला छान लागणारी गर्द गोड चेरी बिअरमध्ये फिकी पडते. तिचा सगळा थाट साखरेवर उभा असतो. आंबट चेरीत आम्ल, वास आणि सालीतला तुरटपणा असतो, म्हणून ती टिकते. बेल्जियममध्ये यासाठी ब्रसेल्सच्या स्खारबेक भागाच्या नावाची लहान, गडद, आंबट चेरी नावाजलेली आहे.

मिशिगनमध्ये मुख्य वाण मॉन्मोरेन्सी. त्याची साल लाल, पण गर फिकट पिवळसर, त्यामुळे बिअर गुलाबी होते. गडद लाल हवी असेल तर बालाटन वाण घ्यावा. मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीच्या एमी इएझोनी यांनी तो हंगेरीतून इथे आणला. त्याचा रसही लाल असतो. मी दोन्ही निम्मे-निम्मे घालते. मॉन्मोरेन्सीकडून धार येते, बालाटनकडून रंग.

बाकीच्या फळांचा माझा अनुभव असा : रासबेरी थोडीशीही बोलते. जर्दाळू घातला तर लोक ‘पीच आहे का?’ विचारतात, आणि खरं पीच घातलं तर फारसं कुणाला कळत नाही. ब्लूबेरी रंग देते, चव बेताचीच. स्ट्रॉबेरीचा वास आणि रंग दोन्ही फार लवकर उडतात.

४. लिटरमागे ग्रॅम मोजा

‘चार मुठी’ किंवा ‘एक टोपली’ असं माप पुढच्या वर्षी कामाला येत नाही. मी बिअरच्या प्रत्येक लिटरमागे फळाचे ग्रॅम लिहून ठेवते. आंबट चेरी २०० ग्रॅम. रासबेरी १०० ते १५० ग्रॅम. जर्दाळू २५० ते ३००, कारण त्याचा आवाज हलका. चेरी १०० ग्रॅमच्या खाली गेली तर रंग येतो पण फळ ओळखू येत नाही.

अनेकांना वाटतं, फळ घातलं की बिअर जास्त चढेल. हिशोब करून पाहा. एक लिटर ६ टक्क्यांच्या बिअरमध्ये ६० मिलिलिटर अल्कोहोल असतं. २०० ग्रॅम चेरीत, १२ टक्के साखर धरली तर, २४ ग्रॅम साखर. ती आंबून सुमारे १४ मिलिलिटर अल्कोहोल मिळेल. पण त्या चेरीतून १६० मिलिलिटरच्या आसपास पाणीही उतरतं. म्हणजे ११६० मिलिलिटरमध्ये ७४, साधारण ६.४ टक्के. जवळपास होतं तिथेच. रासबेरीत साखर ४ ते ५ टक्केच असते, त्यामुळे तेवढीच रासबेरी घातली तर बिअर उलट थोडी सौम्य होते. म्हणून रासबेरीसाठी मी मूळ बिअर जरा भक्कम अंगाची घेते. पातळ बिअरवर रासबेरी घातली की ती सरबताकडे झुकते.

५. गोठवा, शिजवू नका

फळ आधी गोठवून मग वितळवलं की आतल्या बर्फाचे कण पेशींच्या भिंती फाडतात. रस सहज सुटतो, रंग लवकर उतरतो, ठेचण्याची गरज पडत नाही. हंगाम पंधरा दिवसांचा असतो आणि बिअर आपल्या सवडीने तयार होते, ती अडचणही फ्रीजरने सुटते. दुकानातली गोठवलेली फळंही चांगली चालतात. वितळताना सुटलेला रस टाकू नये, सगळा कारबॉयमध्ये जावा.

गोठवल्याने सगळे जीव मरत नाहीत, हे खरं. पण तयार जंगली बिअरमध्ये त्याची चिंता करावी लागत नाही. सालीवरचं बहुतेक यीस्ट आणि जिवाणू ३.५ पीएच आणि ६ टक्के अल्कोहोल असलेल्या बिअरमध्ये तग धरत नाहीत, आणि आतली वसाहत आधीच घट्ट बसलेली असते. फळ धुवा, सडकी आणि बुरशी लागलेली निवडून काढा, बस.

निर्जंतुक करायच्या नादात फळ उकळलं तर पेक्टिन सुटून बिअर गढूळ होते आणि चव मुरंब्याकडे जाते. गर मुळातच घट्ट असेल, जर्दाळूचा किंवा आंब्याचा, तर पेक्टिनेज एन्झाइमची चिमूट घालावी. ती फळ घालतानाच घालावी, मागाहून नव्हे.

६. चेरीची बी अख्खी ठेवा

पारंपरिक क्रीकमध्ये चेरी बियांसकट जाते. काही महिन्यांनी त्यात बदामासारखा, किंचित मसालेदार वास येतो, तो बऱ्याच अंशी बीमुळे. बीच्या आतल्या गरात अ‍ॅमिग्डॅलिन नावाचं द्रव्य असतं. ते तुटलं की बेन्झाल्डिहाइड मिळतं, आणि बदामाच्या अर्काचा जो वास आपण ओळखतो तो त्याचाच. ब्रेटानोमायसिसच्या काही जातींत अशी साखरेला बांधलेली सुगंधी द्रव्यं सोडवणारं एन्झाइम असतं. त्यामुळे जंगली बिअरमध्ये हा वास जास्त खुलतो.

पण अ‍ॅमिग्डॅलिन तुटताना हायड्रोजन सायनाइडही सुटतं. म्हणून बी कधीही फोडू नये, मिक्सरमध्ये फळ बियांसकट फिरवू नये, आणि वर्षानुवर्षं बियांवर बिअर ठेवू नये. अख्ख्या बियांवर काही महिने ही जुनी रीत आहे, मी तिच्या पुढे जात नाही. जर्दाळूच्या बीत हे द्रव्य जास्त असू शकतं, त्यामुळे जर्दाळू मी नेहमी बी काढूनच घालते.

७. वर मोकळी जागा सोडा

वर्षभर शांत असलेली बिअर फळ पडल्यावर दुसऱ्यातिसऱ्या दिवशी उसळते. यीस्ट म्हातारं झालेलं असलं तरी इतकी साखर पाहून ते जागं होतं. फळं वायूमुळे वर येतात, त्यांचा थर तोंडाशी चिकटतो, आणि एखादी साल एअरलॉकमध्ये अडकली तर आतला दाब वाढत जातो. काचेच्या भांड्यात हे धोक्याचं आहे.

म्हणून भांड्याचा पाचवा हिस्सा तरी रिकामा हवा. १५ लिटर बिअर आणि ३ किलो चेरीसाठी मी २३ लिटरचं भांडं घेते. पहिला आठवडा एअरलॉकऐवजी जाड नळी लावते आणि तिचं दुसरं टोक पाण्याच्या बादलीत सोडते. फेस आला तरी नळीतून निघून जातो.

भांड्याचं तोंडही रुंद असावं. अरुंद गळ्याच्या कारबॉयमध्ये चेरी एकेक करून जाते, आणि तीन महिन्यांनी फुगलेली चेरी बाहेर काढणं त्याहून कठीण. फळ नायलॉनच्या जाळीच्या पिशवीत घालता येतं. पिशवीत उकळून घेतलेली स्टीलची वजनं ठेवली की ती तळाशी राहते.

८. हवेला आत येऊ देऊ नका

फळ घालण्याच्या आणि काढण्याच्या वेळी भांडं उघडावं लागतं. बिअर बिघडण्याचे हे दोनच मोठे क्षण. हवेतला ऑक्सिजन मिळाला की अ‍ॅसिटोबॅक्टर अल्कोहोलचं व्हिनेगर करतो. ब्रेटानोमायसिसही ऑक्सिजन असेल तर अ‍ॅसेटिक आम्ल बनवतं. त्यातून पुढे इथाइल अ‍ॅसिटेट तयार होतं आणि बिअरला नेलपॉलिश रिमूव्हरचा वास येतो. तो एकदा आला की जात नाही.

मी फळ आधी रिकाम्या भांड्यात घालते, त्यावर कार्बन डायऑक्साइड सोडते, आणि मग सायफनची नळी तळाशी धरून बिअर हळूहळू वर चढू देते. ओतत नाही, खळखळ होऊ देत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत सुटणारा वायू बिअरचं रक्षण करतो. त्या दिवसांत भांडं बंद ठेवूनच हलकेच गोल फिरवते, म्हणजे वरची फळं भिजत राहतात. कैरीच्या लोणच्यात फोडी तेलाखाली राहाव्यात म्हणून आपण जसं जपतो, तसंच इथे. कोरडं पडलेलं फळ बुरशीला आमंत्रण असतं.

काही आठवड्यांनी वर पांढरट, सुरकुतलेली, बुडबुड्यांची साय धरते. तिला घाबरू नये आणि मोडूही नये. हिरवी, काळी, केसाळ वाढ मात्र बुरशीच. अशी बिअर पिऊ नये.

९. फळ कधी काढायचं, ते जिभेला विचारा

रासबेरीला महिना-दीड महिना पुरतो. जास्त ठेवली तर बियांचा तुरट, लाकडी कडूपणा उतरतो. जर्दाळूला दोन-तीन महिने. चेरी सगळ्यांत धिम्मी, तिला तीन ते सहा महिने हवेत. जुलैत पडलेली चेरी मी थंडीत काढते. चेरीचा रंग आधी येतो, मग आम्ल, आणि बीचा वास शेवटी. दुसऱ्या महिन्यात चाखून ‘झालं’ म्हणणारे तो तिसरा भाग हुकवतात.

या काळात चव सरळ रेषेत चढत नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फळ टोचरं आणि कच्चं लागतं. मग लॅक्टिक जिवाणू मॅलिक आम्लाचं लॅक्टिक आम्ल करू लागतात. वाइनवाल्यांना ही क्रिया चांगली परिचित आहे. धार बोथट होते, चव गोल होते. मी महिन्यातून एकदाच नमुना काढते, कारण प्रत्येक नमुन्याबरोबर थोडी हवा आत जाते.

एक नियम मी कधी मोडत नाही. दर खेपेला थोडी बिनफळाची बिअर बाजूला राखते. फळ जास्त झालं, आंबटपणा वाढला, अंग पातळ झालं, तर या सगळ्यांवर ती उपाय असते. फळ बाहेर काढून घेता येतं, पण उतरलेली चव काढता येत नाही. ती फक्त मिसळून हलकी करता येते.

१०. बाटलीचा हिशोब जिवावरचा आहे

या बिअरमध्ये शेवटपर्यंत कुणीतरी खात असतं. नेहमीचं यीस्ट जी साखर सोडून देतं ती ब्रेटानोमायसिस महिनोन्‌महिने कुरतडत राहतं. ग्रॅव्हिटी बाटलीत ०.००२ ने जरी उतरली तरी जवळपास एक व्हॉल्यूम, म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका, जादा वायू तयार होतो. साध्या बिअरमध्ये एकूण अडीच व्हॉल्यूम असतो आणि नेहमीची पातळ बाटली तीनच्या पुढे भरवशाची नाही. यावरून धोका कळावा.

म्हणून फळ काढल्यावर बिअर पुन्हा महिना-दोन महिने शांत बसू द्यायची. महिन्याच्या अंतराने घेतलेली हायड्रोमीटरची दोन मापं हुबेहूब सारखी आली, तीही १.००२ च्या आसपास, की मगच बाटल्या भरायच्या. एअरलॉकमधले बुडबुडे थांबले, हा पुरावा नव्हे. बाटल्या शॅम्पेनच्या जाड काचेच्या घ्यायच्या. फेसासाठी साखर मोजून घालायची, आणि सोबत थोडं ताजं शॅम्पेन यीस्ट, कारण जुनं यीस्ट इतक्या आम्लात थकलेलं असतं. लॅम्बिकवाले साखरेऐवजी तरुण लॅम्बिक मिसळतात. घरी पहिल्यांदा करणाऱ्याने साखरच वापरावी, हिशोब स्वच्छ राहतो.

भरल्यानंतर काही आठवड्यांनी बिअर गिळल्यावर मागे शिळ्या बिस्किटाची, उंदराच्या वासाची चव येऊ शकते. बाटली भरताना लागलेल्या हवेमुळे ती येते आणि बहुतेक वेळा काही महिन्यांत आपोआप ओसरते. तेव्हा बिअर ओतून देऊ नका, थांबा.

११. आपली फळंही बोलतात, त्यांच्या रीतीने

परदेशातल्या मराठी घरात हापूसच्या गराचा डबा असतोच. तो बिअरमध्ये घालण्याआधी लेबल वाचा. पुष्कळ डब्यांत वरून साखर घातलेली असते, ती आंबून फक्त अल्कोहोल होते आणि बिअर पातळ लागते. सोडियम बेन्झोएट किंवा पोटॅशियम सॉर्बेट असेल तर तो डबा आमरसालाच ठेवा, यीस्टला ते रोखतात. बिनसाखरेचा गर मिळाला तर लिटरमागे ३०० ग्रॅम घालते. गोडवा गेल्यावर हापूसमधला साली-कोयीजवळचा चिकाचा वास पुढे येतो, आणि तो ब्रेटानोमायसिसच्या मातकट वासाशी चांगला जमतो. गर तळाशी जाड बसतो आणि बरीच बिअर शोषून घेतो. तेवढी तूट धरूनच सुरुवात करावी.

कोकम हे या बिअरसाठी देखणं फळ आहे, पण त्याचं आम्ल फार तेज. वाळलेल्या सालींनी सुरुवात लिटरमागे चार-पाच ग्रॅमने करावी आणि मीठ न लावलेल्या साली शोधाव्यात. मूळ बिअर नेहमीपेक्षा कमी आंबट हवी. रंग मात्र असा चढतो की चेरीलाही मागे टाकावं.

आणि बाहेरून यीस्ट न घालता फळ आंबवणं आपल्याला नवं नाही. गोव्यात काजूच्या बोंडूंचा रस सालीवरच्या आणि हवेतल्या यीस्टवरच आंबतो आणि त्यातून पुढे उर्राक आणि फेणी गाळतात. ही कला जाणणारी माणसं आपल्याच किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या आहेत.

१२. जपून ठेवू नका, ताजी प्या

फळ न घातलेली गझ, म्हणजे जुन्या-नव्या लॅम्बिकचं मिश्रण, बाटलीत वर्षानुवर्षं सुधारते. फळाच्या बिअरचं तसं नाही. रासबेरीचा वास वर्षभरात ओसरू लागतो, लाल रंग विटकरी होतो. चेरी थोडी जास्त टिकते. ब्रेटानोमायसिस जगत राहतं आणि हळूहळू त्याचीच चव वर येते. त्या चवीचीही मजा आहे, पण मग फळासाठी केलेले कष्ट कशाला? माझ्या बाटल्या पुढच्या जुलैच्या आत संपलेल्या असतात.

पहिल्यांदा करणाऱ्याने लहान प्रमाणावर सुरुवात करावी. वर्षभर मुरलेली पाच लिटर बिअर घ्या. चार लिटर सहा लिटरच्या भांड्यात, ८०० ग्रॅम गोठवून वितळवलेल्या आंबट चेरीवर, बियांसकट. उरलेली एक लिटर तशीच, गळ्यापर्यंत भरलेल्या लहान भांड्यात, एअरलॉक लावून. तारीख, ग्रॅव्हिटी आणि फळाचं वजन लिहून ठेवा. चार महिन्यांनी दोन पेले शेजारी ठेवून आधी बिनफळाची चाखा, मग चेरीची. अंग किती पातळ झालं, आम्ल कुठून आलं, बदामाचा वास आला की नाही, हे त्या दोन पेल्यांत स्पष्ट कळतं. पुढच्या खेपेला चेरी किती घालायची याचं उत्तर माझ्या २०० ग्रॅमवरून ठरवू नका, त्या दोन पेल्यांवरून ठरवा.